आक्काचा कुत्रा लातूरला रमला

नव्या घरात आलेल्या कुत्र्याला ओवाळत नाहीत, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

नांदेडहून येऊन गाडी अंगणात थांबवली, मागचं दार उघडलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, ताट आण!"

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "कसलं ताट?"

"ओवाळायचं. पहिल्यांदा घरात येऊन राहिलाय तो."

"अहो, आपली सून पहिल्यांदा घरात आली तेव्हा तुम्ही दुकानात गिऱ्हाईक करत बसला होता. आणि आता कुत्र्याला ओवाळता?"

"आक्काचा हाय तो," मी म्हणालो.

ती आत वळली. ताट आलं, निरांजन आलं. गल्लीला मी आधीच फोन करून ठेवले होते, त्यामुळे गल्लीही आली. मी मोठ्या भक्तिभावानं ज्योत त्याच्या नाकापुढून फिरवली. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मान अशी काही आखडली की पट्टा माझ्या हातात राहिला आणि तो गाडीखाली. तिथून तो दिवस मावळेपर्यंत बाहेर आला नाही. गल्लीनं मी आणलेले पेढे खाल्ले, वाकून वाकून गाडीखाली बघितलं, "चांगलाय, चांगलाय" म्हटलं आणि जो तो आपल्या घरी गेला. माझ्या हातून झालेल्या बहुतेक स्वागतसमारंभांचा शेवट असाच झालेला आहे.

कुत्रा सात-आठ वर्षांचा असेल. गावठी, रंग करपलेल्या भाकरीचा, एक कान भांडणात फाटलेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते आमच्या एका चुलत्याचं नाव होतं, आणि त्या चुलत्याची मुलं अजून हयात आहेत. चुलत्यानं लहानपणी आक्काला शाळेतून काढायचा घाट घातला होता. तिनं त्याचा सूड पन्नास वर्षांनी असा काढला. रोज सकाळी दारात उभी राहून चुलत्याला नावानिशी हाक मारायची आणि तो शेपूट हलवत यायचा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं, मी होतो. लातूरला माझं भांड्यांचं दुकान. महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून मी नांदेडला जायचो. बायको म्हणायची, "निघाले माहेरला." चिडवायची ती, पण खरंच होतं. तिथे गेलं की मी पाय पसरून झोपायचो, आणि उठल्यावर आक्का विचारायची, "जेवतोस का आधी रागवू?"

शेवटच्या आजारात दवाखान्याच्या खाटेवरून तिनं मला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, कपाटातल्या साड्या वाटून टाक. दोन, "त्याला तुझ्याकडं ने. नुसतं बांधून ठेवू नको, रमव त्याला. रमला न्हाई तर मरंल तो."

"हाव," मी म्हणालो.

"हाव हाव करून राहिलास, जमणार हाय का?"

हे तिचं मला उद्देशून बोललेलं शेवटचं पूर्ण वाक्य. लोकांना बहिणी आशीर्वाद देऊन जातात.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत आणि जाळतही नाहीत. बसवून नेतात आणि तसंच बसवून पुरतात. आक्काला अंघोळ घातली, तिची आवडती चिंचोळ्या पट्टीची साडी नेसवली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि फुलांनी सजवलेल्या डोलीत मांडी घालून बसवलं. डोली उचलली तेव्हा तिची मान जराशी हलली, एखाद्या कार्याला निघाल्यासारखी. कुत्रा हे सगळं उंबऱ्याजवळ बसून बघत होता. डोली निघाली तसा तो शेपूट हलवत मागे निघाला. शेजारच्या खालानं, म्हणजे आक्काच्या मुसलमान शेजारणीनं, त्याला धरलं आणि आपल्या अंगणात बांधलं. या खालाचं घर आक्काच्या भिंतीला भिंत लावून. बांगड्यांचा व्यवसाय, आणि तीस वर्षांचा शेजार. बांधलेला असल्यामुळे पुढची माती कुत्र्यानं बघितलीच नाही. त्यानं एवढंच बघितलं की आक्का नटली, बसली आणि माणसं तिला कुठेतरी घेऊन गेली. बसून गेलेलं माणूस परत येतं, हा त्याचा हिशोब. चुकीचा म्हणायला मला तरी तोंड नव्हतं.

लातूरला तो गाडीखालून निघाला आणि फाटकाजवळ जाऊन बसला. तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्या घराकडे. कुणी म्हातारी बाई जरा डावा पाय ओढत चालली, की हा उठून उभा राहायचा. आक्का तशी चालायची. बाई पुढे निघून गेली की पुन्हा बसायचा. जेवायचा नाही. पाणी प्यायचा, तेही आम्ही आत गेल्यावर.

आता माणूस काही खात नसेल तर भांडेवाल्याला पहिली शंका भांड्याचीच येते. मी दुकानातून स्टीलची ताटली आणली. ती चकाकते म्हणून घाबरत असेल असं वाटून पितळी आणली. मग कल्हई केलेली, मग जर्मनची, मग एक कानाची कढई. सगळ्यांत दूध-भाकरी कुस्करून फाटकाजवळ ओळीनं मांडली. रस्त्यानं जाणारा एक जण थांबून म्हणाला, "शेठ, सेल लावलाय का?"

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कुत्र्याला तपासलं, भांड्यांची ओळ बघितली, आमच्या बायकोकडून ओवाळण्याची हकिकत ऐकली, आणि मला म्हणाले, "तुम्ही त्याला रमवताय का त्याचं लग्न लावून राहिलात?"

मग त्यांनी नीट सांगितलं. मोठ्या कुत्र्याला नव्या घरी आणलं की माणसं गोळा करायची नाहीत. एक कोपरा द्यायचा, तो कोपरा त्याचाच. मागे लागायचं नाही, डोळ्यांत डोळे घालून बसायचं नाही. रोज त्याच वेळी, त्याच हातानं जेवण. आणि जुन्या घरचं काहीतरी अंथरायला द्यायचं, ज्याला तिथला वास आहे. "धुवू नका तेवढं," ते जाता जाता म्हणाले.

मी मान खाली घातली. आक्काची एक वाकळ, तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी, मी त्याच्यासाठी आणली होती. आणि पाहुण्याला मळकं अंथरूण कसं द्यायचं म्हणून पहिल्याच दिवशी, बायको बाजारात गेली असताना, गच्चीवर गरम पाण्यात पावडर टाकून ती मी स्वतःच्या हातानं धुतली होती. आयुष्यात दुसरं काही धुतल्याचं मला आठवत नाही. धुतली ती हीच, आणि तीही लख्ख.

मी ती वाकळ कोपऱ्यात अंथरली. कुत्र्यानं कडेकडेनं वास घेतला, पुन्हा एकदा सगळीकडे घेतला, आणि तिच्या शेजारी उघड्या फरशीवर अंग टाकलं. तो झोपल्यावर मी गुडघ्यावर बसून वाकळीला नाक लावलं. लिंबाच्या पावडरीचा वास येत होता. वाकळीत लुगडी आक्काचीच होती, सगळी ओळखू येत होती. निळं लुगडं, ती नोकरीला लागली तेव्हाचं. हिरवं, माझ्या लग्नातलं. पण आक्का त्यात नव्हती. गच्चीच्या पन्हाळीतून ती मी गटारात सोडली होती.

"काय करताय हो?" बायकोनं मागून विचारलं.

"अंथरूण नीट करून राहिलो."

"उठा. गुडघे धरतील."

तो जेवायला लागला त्याचं श्रेय माझं नाही. एका सकाळी बायको पूजा करत होती. तिनं विभूतीची वडी उगाळायला घेतली आणि फाटकाजवळचा कुत्रा ताडकन उठला. अंगण ओलांडून, पडवीतून, आमच्या नव्या फरशीवर नखं वाजवत तो थेट देवघराच्या दारात आला आणि कपाळ पुढे करून, डोळे मिटून बसला.

बायको थक्क झाली. मला मात्र एकदम आठवलं. आक्का रोज पूजेला बसायची तेव्हा तो असाच शेजारी बसायचा. पूजा झाली की ती आधी आपल्या आणि मग त्याच्या कपाळावर विभूती ओढायची, आणि मग त्याची भाकरी. मी लोळत पडलेलो असलो की म्हणायची, "तुझ्यापेक्षा हे कुत्रं बरं. पूजेला बसतंय तरी." म्हणजे तो इतके दिवस रुसून उपाशी बसला नव्हता. त्याच्या लेखी आमच्या घरात अजून सकाळच झाली नव्हती.

"लाव की मग त्याला," मी बायकोला म्हणालो.

तिनं हात मागे घेतला. "मी न्हाई लावायची. मी लावली तर तो माझा होईल. वन्संनी तुम्हाला सांगितलंय. तुम्ही बसा."

"मला कुठं येतंय?"

"त्याला येतंय. त्याच्याकडं बघून करा."

गळ्यात असायला हवं ते माझं इष्टलिंग चांदीच्या डबीत, कपाटात, लोकरीच्या टोप्यांच्या मागे होतं. ते शोधण्यात अर्धी सकाळ गेली. अंघोळ करून, उघड्या अंगानं, पोट सावरत मी मांडी घातली. लिंग उजव्या हातावर घेतलं. "डाव्या," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. डाव्यावर घेतलं. पाणी घालताना अर्धं लिंगावर, अर्धं धोतरावर. मंत्र पुढचा आठवेना म्हणून पहिलाच घोळवत राहिलो. या सगळ्या वेळात कुत्रा शेजारी ताठ बसला होता, आणि मी चुकलो की कान हलवत होता, असं मला वाटलं. शेवटी विभूती स्वतःला लावली आणि मग त्याच्या कपाळावर तीन बोटं ओढली.

त्यानं सुस्कारा सोडला. माणसासारखा. आणि उठून, कढईतली कालची भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. भांडी मांडली होती त्यातल्या कुठल्याही भांड्यातली त्यानं खाल्ली असती, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून माझी रोजची पूजा सुरू झाली. समाजातल्या मंडळींना पत्ता लागला. एक जण दुकानात येऊन हात जोडून म्हणाले, "शरणार्थ. ऐकलं, बहीण गेल्यावर वैराग्य आलं तुम्हाला." मी नम्रपणे मान हलवली. कुत्र्याला नाष्टा मिळावा म्हणून शिवपूजा करतो, हे कसं सांगणार?

जेवायला लागला तरी त्याची पाठ घराकडेच होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी मागे लागलो नाही. फक्त दुकानातून संध्याकाळी आलो की फाटकाजवळच्या पायरीवर बसायचो, त्याच्यापासून हातभर अंतरावर, तोंड रस्त्याकडे करून. सुरुवातीला त्याला सोबत म्हणून. मग मी बोलायला लागलो. आक्कानं मला मोंढ्याच्या बाजारात सगळ्यांसमोर कान धरून कसं घरी आणलं होतं, माझ्या मॅट्रिकच्या निकालादिवशी ती माझ्याआधी कशी रडून मोकळी झाली होती, असलं काहीबाही. घरात हे बोलायची सोय राहिली नव्हती. बायको ऐकून घ्यायची, पण ऐकताना तिच्या डोळ्यांत काळजी दिसायची. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "बाबा, आता त्यातून बाहेर या." कुत्रा कुठूनच बाहेर या म्हणायचा नाही. डावा पाय ओढत कुणी चाललं की तो उठायचा, आणि खोटं कशाला बोलू, मीही पायरीवरून जरासा उठायचो. सगळ्या लातुरात आक्का येईल असं वाटणारे आम्ही दोघंच होतो.

बाहेर मात्र मी त्याला रमवत होतो. बायको रोज विचारायची, "रमला का?" मी म्हणायचो, "येईल हळूहळू."

आला. हळूहळूच आला. आधी रस्त्याकडे तोंड करून बसायचा तो भिंतीला टेकून बसायला लागला. मग बायको भाजी निवडायला बसली की तिच्या पायाशी. मग दुपारी त्या धुतलेल्या वाकळीवर. तिला आता त्याचाच वास लागला होता. मी हे सगळं बघत होतो आणि बायकोला "बघ, बघ" म्हणत दाखवतही होतो.

एका संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर होतो. म्हणजे मी पायरीवर, तो पडवीत. एक म्हातारी बाई फाटकाशी आली. कपाळावर विभूती, पांढरी साडी, डावा पाय ओढत. कुणाचा तरी पत्ता विचारायचा होता तिला. मी उठलो. आणि माझ्या मागून कुत्रा धावत आला आणि तिच्यावर भुंकला. चांगला खणखणीत, अंगावर जाऊन भुंकला. बाई दचकून मागे सरली.

बायको आतून पळत आली. तिनं बाईला पाणी दिलं, पत्ता सांगितला, आणि बाई गेल्यावर टाळीच वाजवली. "भुंकला हो! आपल्या घरासाठी भुंकला! आता हा आपला झाला." तिनं त्या दिवशी शिरा केला. कुत्र्यानं खाल्ला, मीही खाल्ला. मग मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धुतलं.

आक्काचं नांदेडचं घर भाड्याचं. घरमालकाचा निरोप आला, आता रिकामं करून द्या. सामान आधीच वाटून झालं होतं, राहिलेलं थोडं आणायचं आणि किल्ली द्यायची. "कुत्र्याला नेऊ नका," बायको म्हणाली. "जुनं घर बघून पुन्हा बिघडंल तो." डॉक्टरही फोनवर तेच म्हणाले. मी दोघांनाही "हाव" म्हटलं आणि कुत्र्याला गाडीत घातलं.

का नेलं? अहमदपूरच्या पुढे मी मनाशी त्याची तयारी करत होतो. घर दिसताच तो उडी मारेल, दार खरवडेल, खोल्याखोल्यांतून हुंगत हिंडेल, तिच्या खाटेच्या जागी बसून रडेल. मग मी त्याच्याजवळ बसेन, त्याला धरीन. त्याला समजावायच्या निमित्तानं मलाही मोकळं होता येईल. दोन रुमाल घेतले होते. एक माझा आणि एक, हसू नका, त्याचा.

गल्लीत गाडी थांबवली. दार उघडलं. तो उतरला. आळस दिला. फाटकाच्या खांबाचा वास घेतला आणि त्यावर एक पाय वर केला. मी कुलूप काढलं तसा तो आत गेला, मी दोन्ही रुमाल घेऊन मागोमाग. रिकाम्या खोलीत एक चक्कर मारली, देवघराच्या कोनाड्यापाशी नाक नेलं, शिंकला आणि बाहेर आला. खाला आपल्या अंगणातून हात पसरून आली, त्यानं तिचे हात चाटले, शेपूट हलवली, तिनं आणलेला पावाचा तुकडा खाल्ला. मग तो गाडीकडे गेला. दाराला पंजा मारला. मी उघडत नाही म्हटल्यावर उघड्या खिडकीतून उडी मारून आत गेला आणि पुढच्या सीटवर, माझ्या शेजारच्या जागेवर, तोंड समोर करून बसला. लातूरच्या दिशेला.

"रम गया, भाई," खाला म्हणाली. "अच्छा हुआ. आपाकू एकच फिकर थी."

मी हाव म्हणालो आणि दारातच बसलो. पाय बाहेर, पाठ रिकाम्या घराला. त्याला बोलवावं असं वाटलं. ये रे, अजून थोडा वेळ बस, तुला काहीच कसं आठवत नाही, असं त्याला दरडावावं वाटलं. इतके दिवस ज्याच्यासाठी विभूती लावली, भांडी मांडली, तो रमावा म्हणून देवाला मागितलं, तो रमला होता. आता आक्काची वाट बघायला मी एकटाच उरलो होतो. कुत्रा शहाणा निघाला. बसून गेलेलं माणूसही परत येत नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं.

बायकोचा फोन आला. "पोचलात? अहो, त्याला नेलंय ना तुम्ही? घरात दिसत न्हाई तो."

"हाव, आणलाय."

"केलंच ना मनाचं! रडला का?"

"न्हाई."

"दार खरवडलं?"

"न्हाई गं. गाडीत जाऊन बसलाय. घरी चला म्हणून राहिलाय."

"मग नाक कोण ओढून राहिलंय?"

मी रुमाल नाकाला लावला. तिनं फोन ठेवला नाही. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, मग तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. "या सावकाश," ती शेवटी म्हणाली. "घाई न्हाई."

खालानं झाडू आणला होता. घर झाडल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असं तिचं म्हणणं. आतल्या खोल्या झाडून ती दारापर्यंत आली, कचऱ्याचा ढीग करत. त्यात एक काळी पिन होती, थोडी विभूतीची धूळ, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे केस. गाडीतून कुत्र्यानं एकदा भुंकून विचारलं, येताय की नाही.

"उठो भाई," खाला म्हणाली, "उंबरा झाडना है मेरेकू."

मी पाय उचलून घेतले. उठलो नाही. ती जरा वेळ झाडू घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मग तिनं माझ्या दोन्ही बाजूंनी झाडून घेतलं.